अर्ध्या पावतीचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात जावा शिकणाऱ्या मुलामुलींना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर कापूस खरेदीची पावती घ्यावी. तुम्ही पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असाल, यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत असाल, किंवा वणी-पांढरकवड्याला घरी बसून प्रोग्रामिंग शिकत असाल, हा सगळा व्यवहार तुम्ही जवळून पाहिलेला असतो. गाडी काट्यावर चढते, ग्रेडर ओलावा तपासतो, पावती हातात पडते आणि मग चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. इथे नियम लेखी असतात, आकडे खरे असतात आणि उत्तर चुकलं तर कोणाच्या घरचं नुकसान होतं हेही दिसतं. म्हणून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधली एक फसवी गोष्ट या पावतीवरच समजावून घेऊ. सबक्लास ज्या मेथडला ओव्हरराइड करू शकतो, ती मेथड मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून बोलवायची नाही.

आधी खरेदीचे नियम. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, मध्यम धाग्याचा ७,७१०. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हा पूर्ण भाव ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला देतं. त्यापुढे ओलाव्याच्या दर टक्क्यामागे भावातून एक टक्का कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतलाच जात नाही. सोयाबीनसाठी हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. म्हणजे पिकागणिक नियम वेगळा, आणि तोही एखाद्या हंगामात बदलणारा. असा विषय समोर आला की वर्गात शिकवलेलं आठवतं: सगळ्या पिकांना सारखं असेल ते मूळ क्लासमध्ये, पिकापुरतं वेगळं असेल ते सबक्लासमध्ये. इथपर्यंत सगळं बरोबरच आहे.

आता रचना पाहा. 'पावती' नावाचा मूळ क्लास आहे. त्याचा कन्स्ट्रक्टर वजन, भाव आणि ओलावा घेतो, ते आपापल्या फील्डमध्ये ठेवतो आणि शेवटच्या ओळीत 'रक्कमकाढा' ही मेथड बोलावून आलेलं उत्तर 'एकूण' या फील्डमध्ये साठवतो. मूळ क्लासमधली 'रक्कमकाढा' वजन गुणिले भाव एवढंच करते. 'कापूसपावती' हा सबक्लास तिला ओव्हरराइड करतो: 'मूळओलावा' नावाच्या त्याच्या स्वतःच्या फील्डमध्ये ८ ठेवलेले आहेत, ते आलेल्या ओलाव्यातून वजा करायचे आणि उरतील तितके टक्के भावातून कापायचे. वाचताना यात खटकण्यासारखं काही सापडत नाही. (ही नावं जावामध्ये अशीच देवनागरीत लिहिली तरी चालतात, बरं का. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी लिपीत राहतात.)

वीस क्विंटल कापूस आला, ओलावा १० टक्के. पूर्ण भावाने १,६२,२०० रुपये होतात. ८ च्या वर दोन टक्के, म्हणजे ३,२४४ रुपये कपात, आणि शेतकऱ्याला मिळायला हवेत १,५८,९५६. प्रोग्राम मात्र १,४५,९८० छापतो. दोन टक्क्यांऐवजी दहा टक्के कापले गेले. एका पावतीत १२,९७६ रुपये गेले, आणि पडद्यावर एकही लाल ओळ आली नाही.

हे कसं घडलं ते पायरी पायरीने पाहिल्याशिवाय समजत नाही, म्हणून इथे सावकाश जाऊ. नवी 'कापूसपावती' मागितली की जावा त्या ऑब्जेक्टसाठी जागा घेतं आणि त्यातली सगळी फील्ड कोरी करतं: आकड्यांमध्ये शून्य, खऱ्या-खोट्याच्या फील्डमध्ये खोटं, बाकी सगळीकडे नल. मग सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरकडे जातं, पण तो आपलं काम सुरू करण्याआधी सुपर म्हणून मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला बोलावतो. मूळ कन्स्ट्रक्टर काहीच घेत नसेल, तर ती ओळ तुम्ही लिहिली नाही तरी कंपायलर लिहितो; इथे मात्र वजन, भाव आणि ओलावा देऊन ती स्वतः लिहावी लागते. मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर वजन, भाव, ओलावा भरतो आणि 'रक्कमकाढा' म्हणतो. जावा इथे विचारतं, हे ऑब्जेक्ट नेमकं कोणत्या क्लासचं? उत्तर येतं, 'कापूसपावती'. म्हणून सबक्लासची मेथड चालते. पण सबक्लासच्या फील्डमध्ये किमती भरण्याची पाळी अजून आलेलीच नाही. 'मूळओलावा' शून्य आहे. दहातून शून्य गेले, दहा टक्के कपात. हे उत्तर घेऊन मूळ कन्स्ट्रक्टर संपतो आणि त्यानंतर कुठे 'मूळओलावा'मध्ये ८ येतात. रुई आणि सरकी वेगळी होण्याआधीच गाठ बांधून टाकावी, तसं हे झालं.

आता ही चूक शोधायला बसलेल्याची अवस्था पाहा. तो डीबगरमध्ये तयार झालेली पावती उघडतो, तर 'मूळओलावा' समोर ८ दिसतात. मेथडमधलं सूत्र वाचतो, ते बरोबर आहे. तीच मेथड हाताने पुन्हा चालवली तर १,५८,९५६ हे बरोबर उत्तर येतं. सगळे भाग नीट आहेत आणि साठवलेली बेरीज तेवढी चुकीची. ब्रेकपॉइंट ओव्हरराइड केलेल्या मेथडच्या आत लावून, तिथे थांबल्यावर मेथड कोणाकडून बोलावली गेली याची साखळी पाहिली, तरच खरं कारण सापडतं. त्या साखळीत मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरचं नाव दिसलं की समजावं, ऑब्जेक्ट अजून अर्धवट आहे.

शून्याची ही भीती नीट मनात ठेवा. फील्डमध्ये आकड्याऐवजी एखादं ऑब्जेक्ट असतं तर नल पॉइंटर एक्सेप्शन येऊन प्रोग्राम तिथेच पडला असता आणि पाच मिनिटांत चूक कळली असती. १२ टक्क्यांची वरची मर्यादा शून्य झाली असती, तर प्रत्येक गाडी परत गेली असती आणि पहिल्याच सकाळी ओरड झाली असती. पण कपात जास्त झाली हे कोणाला चटकन दिसत नाही, कारण कपात होणारच असं प्रत्येकाने धरलेलं असतं. पैशाचा हिशेब जावामध्ये बिगडेसिमलने करावा, डबलने करू नये, हे तुम्हाला अपूर्णांकांच्या कारणाने सांगितलं गेलं असेल. त्याला हेही कारण जोडा: बिगडेसिमलचं न भरलेलं फील्ड नल असतं, म्हणून ते गप्प राहत नाही.

अजून एक गोष्ट, जी परीक्षेच्या पुस्तकांत सहसा नसते पण खऱ्या कामात फार छळते. समजा तुम्ही 'मूळओलावा' फायनल ठेवला आणि त्याच ओळीत ८ लिहिले. तर हिशेब बरोबर येतो! कारण असा स्थिर आकडा कंपायलर थेट वापराच्या जागी बसवून टाकतो. फील्ड उघडून पाहायची वेळच येत नाही. प्रकल्प सादर होतो, गुण मिळतात, प्रोग्राम वापरातही जातो. पुढच्या हंगामात कोणी शहाणपणाने ठरवतं की नियम बदलतात, तेव्हा हा आकडा कोडमध्ये नको, सेटिंगच्या फाइलमधून वाचू. निर्णय योग्यच आहे. पण आता तो कंपायलरला आधीच माहीत असलेला स्थिर आकडा उरला नाही, तो कन्स्ट्रक्टरच्या वेळी भरला जाणार, आणि त्या दिवसापासून दहा टक्के कपात सुरू. मूळ क्लासला कोणी बोट लावलेलं नसतं, त्यामुळे संशय तिकडे जातच नाही.

याच्या उलट प्रकारही आहे. ओव्हरराइड केलेली मेथड सबक्लासच्या फील्डमध्ये काही लिहिते, उदाहरणार्थ कपातींची यादी तयार करून 'कपाती' या फील्डमध्ये ठेवते. मूळ कन्स्ट्रक्टर संपतो. मग सबक्लासच्या फील्डची सुरुवातीची ओळ चालते, आणि तिथे सवयीने 'कपाती बरोबर नल' असं लिहिलेलं असतं. भरलेली यादी पुसली जाते. ते 'बरोबर नल' काढून टाकलं की यादी टिकते. काहीच न करणारी वाटणारी ओळ इथे निकाल बदलते. म्हणून जावामध्ये फील्डला नल किंवा शून्य देण्याची सवय मोडावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या भाषांत काय होतं

भाषा बदलली की हीच रचना वेगळ्या तऱ्हेने चुकते, आणि एका भाषेतून दुसरीत गेलेला माणूस इथेच फसतो. सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालू असताना ते ऑब्जेक्ट मूळ क्लासचंच मानलं जातं. व्हर्च्युअल मेथड बोलावली तरी मूळ क्लासचीच चालते. आपल्या उदाहरणात कपातच होणार नाही आणि पावतीवर १,६२,२०० येतील. जावामध्ये शेतकऱ्याचं नुकसान, सी प्लस प्लसमध्ये खरेदीदाराचं; खरा आकडा दोघांकडेही नाही. मूळ क्लासमध्ये ती मेथड प्युअर व्हर्च्युअल असेल आणि आडवळणाने बोलावली गेली, तर बहुतेक वेळा प्रोग्राम कोसळतो. डिस्ट्रक्टरलाही हाच नियम लागू आहे, कारण तिथे सबक्लासचा भाग आधीच मोडलेला असतो. स्कॉट मेयर्स यांच्या 'इफेक्टिव्ह सी प्लस प्लस' या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००५ साली, यावर स्वतंत्र कलम आहे.

सी शार्प वरवर जावासारखी वाटते, पण तिच्यात फील्डच्या ओळीतच दिलेल्या किमती मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधी भरल्या जातात. ओळीतच ८ लिहिले असतील तर हिशेब बरोबर येईल. कन्स्ट्रक्टरच्या आत भरले असतील तर चुकेल. पायथनमध्ये फील्ड शून्य नसतं, ते अस्तित्वातच नसतं, म्हणून ॲट्रिब्यूट एरर येते. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. कॉटलिनमध्ये मेथड मुळातच फायनल असते, ओव्हरराइडची परवानगी वेगळी द्यावी लागते, त्यामुळे हा अपघात कमी होतो. पण ती परवानगी दिली की जावाचेच नियम लागू होतात, आणि कधीही नल नसेल अशी हमी दिलेलं फील्डसुद्धा तेवढ्या क्षणासाठी नल दिसू शकतं. स्विफ्टने प्रश्न मुळातच सोडवला आहे: सबक्लासने आपली सगळी फील्ड भरल्याशिवाय मूळ क्लासच्या इनिशियलायझरला हाक मारूच दिली जात नाही.

दुरुस्ती कशी करायची

सर्वांत चांगला उपाय म्हणजे मूळ क्लासने सबक्लासला प्रश्न विचारू नये, लागणारी माहिती आधीच हातात घ्यावी. 'ओलावानियम' नावाचा छोटा, वेगळा क्लास करा. त्यात मूळ ओलावा, वरची मर्यादा आणि कपात काढण्याचं सूत्र ठेवा. कापसाचा नियम ८ आणि १२ घेऊन तयार होईल, सोयाबीनचा त्याच्या आकड्यांनी. 'पावती'च्या कन्स्ट्रक्टरला वजन, भाव, ओलाव्यासोबत हा नियमही द्या. नियम पावतीच्या आधीच पूर्ण तयार असल्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये रक्कम काढायला धोका नाही. असं केलं की बहुतेक वेळा 'कापूसपावती' या सबक्लासची गरजच उरत नाही, आणि ते चांगलंच. त्यात आणखी एक फायदा आहे: ज्या नियमाने पावती फाडली तो नियम पावतीतच राहतो. पुढे सेटिंगची फाइल बदलली तरी जुन्या पावतीचा हिशेब बदलत नाही.

सबक्लास ठेवणं भाग असेल, तर सुपरला हाक मारतानाच त्याच्या कंसात नियम द्या. सुपरच्या कंसातली गणितं मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधी होतात. तिथे ऑब्जेक्टची स्वतःची मेथड वापरता येत नाही, पण स्टॅटिक मेथड वापरता येते. फाइल वाचण्याचं काम तिच्याकडे सोपवा.

दुसरा मार्ग फॅक्टरीचा. कन्स्ट्रक्टर बाहेरच्यांसाठी बंद ठेवा आणि 'नवीपावती' अशी एक स्टॅटिक मेथड द्या. ती आधी ऑब्जेक्ट पूर्ण बनवते, मग 'रक्कमकाढा' बोलावते आणि तयार पावती परत करते. याच्याऐवजी बरेच जण 'सुरूकरा' अशी सार्वजनिक मेथड ठेवतात आणि ऑब्जेक्ट बनवल्यावर ती बोलवा असं सांगतात. तसं करू नका. कोणी तरी ती बोलवायला विसरतोच, आणि मग तुमच्याकडे रक्कम शून्य असलेली पावती तयार होते.

तिसरा मार्ग म्हणजे रक्कम साठवायचीच नाही, मागितल्यावर काढायची. छोट्या प्रोग्रामसाठी हे सोपं आहे, पण छापील पावतीसाठी मी हे सुचवणार नाही. एकदा हातात दिलेला आकडा पुन्हा विचारल्यावर वेगळा येता कामा नये.

आणि मूळ क्लासमध्ये जी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवायचीच आहे, ती प्रायव्हेट, फायनल किंवा स्टॅटिक करा. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण ती प्रायव्हेट मेथड पुढे एखाद्या ओव्हरराइड होणाऱ्या मेथडला बोलावत असेल तर धोका तसाच राहतो. पूर्ण साखळी तपासा. सबक्लास होणारच नसेल तर सगळा क्लासच फायनल करून मोकळं व्हावं. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा'च्या २००१ च्या पहिल्याच आवृत्तीत हा आग्रह धरला होता: क्लास वारशासाठी विचारपूर्वक बनवा आणि तसं लिहून ठेवा, नाही तर वारसा बंद करा. ऑब्जेक्टची नक्कल करणाऱ्या क्लोन मेथडला आणि साठवलेलं ऑब्जेक्ट परत वाचणाऱ्या रीड ऑब्जेक्टलाही ते हाच नियम लावतात, कारण त्याही एक प्रकारे कन्स्ट्रक्टरचंच काम करतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये सुपरच्या आधी काही ओळी लिहिण्याची मुभा पक्की झाली आहे. सबक्लास आपलं फील्ड आधी भरू शकतो, मग सुपर म्हणू शकतो. आपल्या उदाहरणात 'मूळओलावा' आधीच ८ होईल आणि रक्कम बरोबर येईल. सोय चांगली आहे, पण ती प्रत्येक सबक्लास लिहिणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून आहे. मूळ क्लास तुमच्या हातात असेल तर दुरुस्ती मूळ क्लासमध्येच करा.

मूळ क्लास आपल्या हातात नसतो, असंही होतं. जावाच्या स्वतःच्या स्विंग लायब्ररीतला जेटेबल हा तक्त्याचा क्लास आपल्या कन्स्ट्रक्टरमधून तक्त्याचं शीर्षक आणि कॉलमची रचना बनवणाऱ्या, ओव्हरराइड करता येणाऱ्या मेथड बोलावतो. तिथे आपण ओव्हरराइड करताना स्वतःच्या फील्डवर विसंबायचं नाही. जे हवं ते त्या मेथडच्या आतच तयार करायचं, किंवा फील्ड नल आहे का हे पाहून पुढे जायचं.

जुन्या कोडमध्ये शोधताना

नेटबीन्समध्ये काम करणाऱ्यांनी कन्स्ट्रक्टरमधल्या अशा ओळीखाली पिवळी सूचना पाहिली असेल. ती बंद करण्याचा पर्याय समोरच असतो आणि घाईत तोच निवडला जातो. कृपया निवडू नका. इंटेलिजे, पीएमडी आणि सोनारक्यूब यांच्यातही हीच तपासणी आहे, आणि सर्टच्या जावा सुरक्षा नियमावलीत एमईटी०५ या क्रमांकाने हा नियम नोंदलेला आहे. सी शार्पवाल्यांसाठी सीए२२१४ आहे. जावा २१ पासून कंपायलरलाच 'धिस-एस्केप' ही सूचना मागता येते. ती प्रायव्हेट मेथडमधून जाणारी साखळीही पाहते, आणि अर्धवट ऑब्जेक्ट स्वतःला दुसऱ्या कोणाच्या हाती देत असेल तरीही सांगते. कन्स्ट्रक्टरमध्येच लिसनर म्हणून स्वतःची नोंद करणं किंवा थ्रेड सुरू करणं हे त्याच जातीचे अपराध आहेत.

चाचणी लिहिताना मूळ क्लास एकटा तपासून काही हाती लागत नाही; चूक सबक्लास बनल्यावरच दिसते. चाचणीपुरता एक सबक्लास लिहा, त्याला एक फील्ड द्या, त्यात शून्य किंवा नल नसलेली किंमत कन्स्ट्रक्टरमध्ये भरा आणि ओव्हरराइड केलेल्या मेथडमध्ये ती किंमत आली आहे का ते तपासा. ओलाव्याचा आकडाही विचार करून निवडा. 'मूळओलावा' शून्य धरला तरी आणि आठ धरला तरी एकच उत्तर येईल असा आकडा, म्हणजे ओलावा शून्य, चाचणीत उपयोगाचा नाही. आठ, दहा आणि बारा हे तीन आकडे घ्या. आठला कपात शून्य यायला हवी. सदोष प्रोग्राम तिथे आठ टक्के कापतो आणि लगेच उघडा पडतो.

चूक सापडली तेव्हा प्रोग्राम वापरात असेल, तर कोड दुरुस्त करून थांबू नका. डेटाबेसमध्ये जुन्या पावत्यांची चुकीची रक्कम तशीच बसलेली असते. वजन, भाव आणि मोजलेला ओलावा स्वतंत्रपणे साठवलेला असेल, तर प्रत्येक पावतीची रक्कम नव्या सूत्राने पुन्हा काढा, जुनी रक्कम न पुसता शेजारच्या रकान्यात ठेवा, आणि दोहोंतला फरक जास्तीत जास्त असलेल्या पावतीपासून यादी लावा. ती यादी हिशेब पाहणाऱ्या माणसाच्या हातात द्या, म्हणजे राहिलेला चुकारा कोणाला आणि किती द्यायचा हे त्याला त्याच दिवशी ठरवता येईल.